नागपूरची गादी आणि सन १८५३

श्रोतेहो, शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात एक वाक्य हमखास सापडते. नागपूरच्या राजाला वारस नसल्यामुळे लॉर्ड डलहौसीने सन १८५४ मध्ये ते राज्य खालसा केले, असे ते वाक्य. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि त्याचे गुणही मिळवतात. वाक्य खोटे नाही. पण त्यातले 'वारस नसल्यामुळे' हे दोन शब्द आपण वाटतात तितके साधे नाहीत. वारस नव्हता असे कोणी ठरवले? कोणत्या कायद्याने ठरवले? आणि ज्यांच्या डोक्यावर हे राज्य होते, त्या भंडारा, चांदा, वर्धा, नागपूर, छत्तीसगड इकडच्या शेतकऱ्याला, विणकराला, पाटलाला त्यात कोणी काही विचारले का? आजच्या भाषणात या तीन प्रश्नांचा विचार करू.

आधी मागची हकिकत थोडक्यात सांगतो. नागपूर शहर वसवले ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदशहाने, अठराव्या शतकाच्या आरंभी. पुढे गोंड घराण्यात गादीसाठी भांडण लागले, आणि ते मिटवायला आलेले पहिले रघूजी भोसले इथेच राहिले. रघूजींच्या स्वाऱ्या बंगालपर्यंत गेल्या. ओरिसा त्यांच्या हाती आला. एका काळी नागपूरची सत्ता इकडे वऱ्हाडापासून तिकडे पूर्व समुद्रापर्यंत होती. पुढे दुसऱ्या रघूजींच्या वेळी इंग्रजांशी युद्ध झाले. १८०३ मध्ये अडगावची लढाई हरली, गाविलगड पडला आणि देवगावच्या तहाने कटक गेले, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. दुसरे रघूजी १८१६ मध्ये वारले. त्यांचे चिरंजीव परसोजी दुबळे होते. वर्षभराच्या आतच त्यांचा खून झाला. आप्पासाहेब गादीवर आले. त्यांनी गादीवर येण्याआधीच इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला होता, आणि मग तेच जोखड झुगारून द्यायला ते उठले. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली, डिसेंबरात नागपूरची लढाई झाली, आणि भोसल्यांची स्वतंत्र सत्ता तिथे संपली. आप्पासाहेब पकडले गेले, वाटेतून निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाने राहिले, आणि शेवटी दूर जोधपूरला १८४० मध्ये वारले.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण पुढचा सगळा वाद या ठिकाणी रुजला आहे. आप्पासाहेब गेल्यावर गादी रिकामी झाली. तेव्हा इंग्रज रेसिडेंट जेन्किन्स याने काय केले? दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा, बाजीबा गुजर नावाचा एक लहान वयाचा मुलगा, घराण्यात होता. परसोजींच्या विधवा राणीने त्याला दत्तक घेतले, त्याचे नाव रघूजी ठेवले आणि १८१८ च्या जून महिन्यात इंग्रजांच्या संमतीने त्याला गादीवर बसवले. हेच तिसरे रघूजी. म्हणजे बघा, मुलीच्या पोटचा मुलगा, नवरा वारल्यावर विधवेने घेतलेला दत्तक, आणि तरीही तो राजा. त्या दिवशी इंग्रजांना यात काही गैर दिसले नाही. राजा लहान असेपर्यंत जेन्किन्सने स्वतः कारभार पाहिला. १८२६ च्या तहाने राजाकडे अधिकार यायला सुरुवात झाली, आणि १८३० च्या सुमारास सगळा मुलूख त्याच्या हाती आला.

तिसरे रघूजी कसे राजे होते? खरे सांगायचे तर फार मोठे नव्हते. सुरुवातीची वर्षे कारभार बरा चालला. पुढे पुढे त्यांचे लक्ष उडाले. कुस्त्या, पतंग, पत्ते, गाणेबजावणे यांत दिवस जाऊ लागले, दारूचे व्यसन लागले. दरबारात न्यायासाठी पैसे चारावे लागतात, अशी कुरकूर होती. इंग्रज रेसिडेंट मॅन्सेल याने ही सगळी दुखणी वर लिहून कळवली होती. आपले होते म्हणून ते चांगलेच होते, असे म्हणण्याचे कारण नाही. इतिहास शिकवताना आपल्या माणसांचे दोष झाकले, तर परक्यांचे दोष दाखवण्याचा आपला अधिकारही कमी होतो.

हे राजे ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. वय पन्नाशीच्या आतले होते. औरस मुलगा नव्हता. हयातीत त्यांनी दत्तकविधीही केला नव्हता. पण घराण्यात नात्यातला यशवंतराव अहिरराव नावाचा मुलगा होता, आणि वाड्यातल्या सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे लागले होते. राण्यांनी त्याला पुढे केले. गादीचा वारस म्हणून त्याला मान्यता मिळावी अशी त्यांची मागणी होती. महाराष्ट्रात चालत आलेल्या धर्मशास्त्राच्या परंपरेत विधवेला दत्तक घ्यायला नवऱ्याची उघड आज्ञा असावीच लागते, असे नाही. आपल्या गावातही एखादा शेतकरी निपुत्रिक वारला, तर त्याची बायको दिराचा किंवा पुतण्याचा मुलगा मांडीवर घेते आणि शेत त्याच्या नावे चढते. हे जुन्या पिढ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. मग तीच रीत राजवाड्यात का चालू नये?

नागपूरचा हा प्रश्न एकटा नव्हता. त्याच्या अवघे वीस दिवस आधी, २१ नोव्हेंबर १८५३ रोजी, झाशीचे गंगाधरराव वारले होते. त्यांनी तर आदल्या दिवशी रीतसर दत्तक घेतला होता. साताऱ्याची गादी १८४८ मध्येच गेली होती, आणि तिथेही दत्तक होता. म्हणजे हयातीत घेतलेला दत्तक चालला नाही, विधवेने पुढे केलेला दत्तकही चालला नाही. तीन ठिकाणी तीन तऱ्हा, आणि निकाल मात्र एकच.

डलहौसीने नागपूरच्या बाबतीत २८ जानेवारी १८५४ रोजी एक लांबलचक टिपण लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. हे राज्य १८१७ मध्ये इंग्रजांनी जिंकले होते. १८१८ मध्ये त्यांनी ते मेहेरबानी म्हणून तिसऱ्या रघूजींना दिले. ती देणगी त्या माणसाला आणि त्याच्या वंशाला होती. वंश संपला, देणगी परत आली. राजाने स्वतः दत्तक घेतला नाही, म्हणजे त्याची तशी इच्छा नव्हती. शिवाय देशी राजांच्या कारभारात रयतेला सुख नाही, इंग्रजी अमलात ते मिळेल. आणि मग एक गोष्ट त्याने अगदी मोकळेपणाने सांगितली. नागपूर हाती आले, तर इंग्लंडातल्या गिरण्यांना लागणारा कापूस मिळण्याची सोय होईल, आणि इंग्लंडच्या उद्योगाची भरभराट बऱ्याच अंशी या कापसावर अवलंबून आहे.

शेतकरी बंधूंनो, हा कापूस म्हणजे आपल्याच शेतातला. हिंगणघाटची बनी कपाशी तेव्हा नाव कमावून होती. आदल्याच वर्षी, १८५३ च्या मे महिन्यात, निजामाकडून वऱ्हाडही इंग्रजांनी कर्जाच्या पोटी आपल्या ताब्यात घेतले होते. वऱ्हाड आणि नागपूर मिळून काळ्या जमिनीचा केवढा पट्टा होतो, हे तुम्हाला नकाशा पाहून शिकवावे लागत नाही. मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा सरळ रस्ताही याच मुलुखातून जातो. डलहौसीने पुढे आपल्या कारकिर्दीचा हिशेब लिहिला, त्यात नागपूरचा आकडा दिला आहे: सुमारे ८०,००० चौरस मैल मुलूख, ४० लाख रुपये वसूल, आणि ४० लाखांवर लोकसंख्या. म्हणजे माणशी साधारण एक रुपया वसुलाचे राज्य.

त्याच्या कौन्सिलात सगळेच होयबा नव्हते, हेही सांगितले पाहिजे. कर्नल लो नावाचा एक म्हातारा लष्करी अधिकारी तिथे होता. देशी दरबारांत त्याने आयुष्य घालवले होते. वऱ्हाडचा तह निजामाकडून घेणारा रेसिडेंट हाच. म्हणजे तो काही आपला कैवारी नव्हता. पण नागपूरच्या वेळी त्याने विरोधाचे टिपण लिहिले. साताऱ्याची गादी नाहीशी झाल्यापासून लोकांचा इंग्रजांच्या न्यायावरचा विश्वास ढळला आहे, आता नागपूर घेतले तर तो आणखी ढळेल, असा त्याचा इशारा होता. नागपुरातला रेसिडेंट मॅन्सेल यानेही राजाचे दोष लिहिले असले, तरी गादी कोणत्या ना कोणत्या रूपाने राखावी असे त्याचे मत होते. ते वरच्या मंडळींना रुचले नाही. दोन इंग्रज एका बाजूला, बाकीचे इंग्रज दुसऱ्या बाजूला. निकाल लागला. १८५४ च्या मार्च महिन्यात नागपूरचे राज्य खालसा झाले.

आता आपण थोडे दूर जाऊ. युरोपच्या उत्तरेला डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे असे तीन देश आहेत. तुम्ही म्हणाल, नागपूरच्या गोष्टीत हे कुठून आले? तर दोन कारणांनी आले. एक, डेन्मार्कच्या राजाची आपल्या देशात ठाणी होती. तंजावरच्या किनाऱ्यावर तरंगमबाडी आणि बंगाल्यात श्रीरामपूर. याच श्रीरामपूरच्या छापखान्यात विल्यम केरी याने मराठीची सुरुवातीची पुस्तके छापली, आणि त्यांत १८१६ च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांची वंशावळीही छापून निघाली. ही दोन्ही ठाणी डेन्मार्कने १८४५ मध्ये कंपनीला विकून टाकली. आणि दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ज्या सालाबद्दल आपण बोलतो आहोत, त्याच साली, म्हणजे १८५३ मध्ये, डेन्मार्कच्या गादीपुढेही नेमका हाच प्रश्न उभा होता.

डेन्मार्कचा राजा सातवा फ्रेडरिक. तीन लग्ने झाली, मूल नाही. घराणे संपायला आले. शेजारचे जर्मन लोक टपून बसलेले, कारण राज्याच्या दक्षिणेकडचे श्लेसविग आणि होल्स्टाइन हे दोन मुलूख त्यांना हवे होते. तेव्हा युरोपातली मोठी राष्ट्रे लंडनला जमली. इंग्लंड त्यात होतेच. ८ मे १८५२ रोजी त्यांनी करार केला, की डेन्मार्कचे राज्य अखंड राहावे आणि फ्रेडरिकच्या मागे ग्ल्यूक्सबुर्ग घराण्यातला राजपुत्र ख्रिस्तियन याने गादीवर बसावे. ख्रिस्तियनची बायको लुईझा ही आधीच्या राजाची भाची. म्हणजे हक्क आला तोही बराचसा बाईच्या बाजूने. ३१ जुलै १८५३ रोजी डेन्मार्कमध्ये तसा वारसाहक्काचा कायदा झाला. त्यानंतर साडेचार महिन्यांनी नागपुरात तिसरे रघूजी वारले.

तारखा शेजारी शेजारी मांडून पाहा. निपुत्रिक राजा तिथेही, निपुत्रिक राजा इथेही. तिथे वारस शोधून, ठरवून, सात देशांच्या सह्या घेऊन नेमला जातो, आणि इंग्रज सरकार त्यावर सही करते. इथे घरच्या लोकांनी पुढे केलेला, रीतीत बसणारा मुलगा उभा असतो, आणि त्याच इंग्रज राष्ट्राचा गव्हर्नर जनरल म्हणतो, वारस नाही.

स्वीडनची गोष्ट तर याहून बोलकी आहे. तिथे १८०९ मध्ये एक राजा पदच्युत झाला, त्याचा निपुत्रिक चुलता तेरावा कार्ल गादीवर आला. मूल नाही म्हणून वारस शोधायचा. तिथल्या प्रतिनिधी सभेने १८१० च्या ऑगस्टात कोणाला निवडावे? बर्नादोत नावाच्या एका फ्रेंच सेनापतीला! हा एका वकिलाचा मुलगा, फ्रेंच फौजेत साध्या शिपायापासून चढत आलेला. रक्ताचा थेंबभर संबंध नाही. म्हाताऱ्या राजाने त्याला दत्तक घेतले. १८१३ मध्ये याच बर्नादोतच्या स्वीडनशी इंग्लंडने मैत्रीचा तह केला आणि फौजेसाठी पैसाही दिला. १८१८ च्या फेब्रुवारीत तो स्वीडनचा राजा झाला. त्याच १८१८ च्या जूनमध्ये नागपुरात दत्तक रघूजी गादीवर बसले. एकाच साली दोन दत्तक राजे, एक स्टॉकहोमला आणि एक नागपूरला. त्या दत्तकाचे घराणे स्वीडनच्या गादीवर आजही आहे. आपल्याकडे पस्तीस वर्षांनी सांगण्यात आले, की ती गादी वंशाची देणगी होती, दत्तकाची नव्हे.

यावर कोणी शिक्षक मित्र म्हणेल, ही तुलना पूर्ण बरोबर नाही. डेन्मार्क आणि स्वीडन स्वतंत्र देश होते, नागपूर तहाने बांधलेले होते. हे खरे आहे. पण मग कारण तेच म्हणून सांगावे. नागपूर दुबळे होते, म्हणून गेले. 'वारस नव्हता' हे निमित्त झाले. दुबळेपण हे कारण होते, आणि कापूस, रस्ता, वसूल हा हेतू होता. विद्यार्थ्यांना निमित्त, कारण आणि हेतू यांतला फरक दाखवायला नागपूरसारखे दुसरे उदाहरण मिळणे अवघड.

बरे, दुबळ्याला बलवानाची सहीसुद्धा नेहमी वाचवते असे नाही. सातवा फ्रेडरिक १८६३ मध्ये वारला, ख्रिस्तियन राजा झाला, आणि पुढच्याच वर्षी प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी डेन्मार्कवर चाल करून ते दोन मुलूख घेतले. इंग्लंड मदतीला गेले नाही. उरले ते छोटे डेन्मार्क. पण त्या छोट्या देशाला १८४९ मध्ये राज्यघटना मिळालेली होती, आणि राजा बदलला तरी लोकांना बोलायला एक जागा राहिली. नॉर्वेत तर १९०५ मध्ये स्वीडनपासून वेगळे झाल्यावर राजा हवा की नको, हे लोकांना मत देऊन विचारले. लोकांनी होय म्हटले, तेव्हा याच ख्रिस्तियनचा नातू तिथे हाकोन हे नाव घेऊन राजा झाला. मत पडल्याशिवाय येणार नाही, असे त्यानेच म्हटले होते. राजाची गादीसुद्धा लोकांना विचारून मांडता येते, हे या थंड प्रदेशातल्या देशाने दाखवून दिले.

आपण पुन्हा नागपूरला येऊ. राज्य गेल्यावर वाड्यात काय झाले, ते सांगताना आजही वाईट वाटते. राजाची खासगी मालमत्ता मोजून काढली गेली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला आणून लिलावात काढले. ज्या हत्तींवर दसऱ्याची स्वारी निघायची, त्यांच्यावर बोली लागल्या. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात पाठवले. आलेल्या पैशांचा 'भोसला फंड' केला आणि तो घराण्याच्या पोषणासाठी आहे असे सांगितले. वाड्यातले सामान हलवू लागले, तेव्हा दुसऱ्या रघूजींच्या वयोवृद्ध राणी बाकाबाई यांनी वाड्याला आग लावून देईन अशी धमकी दिली होती, असे त्या काळच्या इंग्रज इतिहासकारानेच लिहून ठेवले आहे. सामान हलायचे ते हललेच. राण्यांनी कलकत्त्याला आणि विलायतेला दाद मागितली. उपयोग झाला नाही. तो जुना काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाचा वाडाही पुढे १८६४ मध्ये आगीत जळाला.

बाकाबाईंबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबतींची मिरवणूक निघते. एक पिवळी मारबत आणि एक काळी. बरोबर बडगे असतात. गावाची ईडापिडा, रोगराई घेऊन जा, असे ओरडत लोक त्यांना गावाबाहेर नेऊन जाळतात. काळी मारबत ही बाकाबाईची खूण आहे, कारण ती इंग्रजांना मिळाली, असे लोक पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत. या सांगण्याला आधार आहे तो असा. १८५७ च्या जूनमध्ये नागपूरजवळ टाकळीच्या घोडदळात उठावाचा बेत झाला. तो फसला आणि त्याच्या पुढाऱ्यांना फाशी झाली. त्या दिवसांत बाकाबाईंनी आपल्या नातलगांना आणि आश्रितांना बोलावून बजावले, की कोणी बंडात सामील होऊ नये. इंग्रजांनी त्याबद्दल त्यांची पुढे वाखाणणी केली. १८५८ मध्ये बाकाबाई वारल्या.

मग बाकाबाईला आपण काय म्हणावे? लिलावाच्या वेळी वाडा पेटवायला निघालेली तीच, आणि तीन वर्षांनी बंडवाल्यांना अडवणारीही तीच. एका बाजूने पाहिले तर तिने देशाशी दगा केला. दुसऱ्या बाजूने पाहिले तर वयाची सत्तरी ओलांडलेली ती बाई. तिने सीताबर्डीची लढाई पाहिली होती, आप्पासाहेबांची वाताहत पाहिली होती. फौज नाही, तोफा नाहीत, हत्ती-घोडेही विकले गेलेले. तिच्या हाती उरले होते एकच: यशवंतरावाचे दत्तक मान्य करून घेणे. ते तिच्या मागे झालेही. १८५७ नंतर इंग्रजांनी दत्तक नामंजूर करण्याचे धोरण सोडून दिले, १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या, आणि यशवंतरावाला जानोजी भोसले या नावाने घराण्याचा वारस मानून साताऱ्याकडील देऊरचे राजेबहादूर असा किताब दिला. राज्य मात्र परत आले नाही. म्हणजे १८५४ मध्ये जो वारस नव्हता, तो सात-आठ वर्षांनी वारस झाला! माणूस तोच, रीत तीच, शास्त्र तेच. मध्ये फक्त सत्तावनचे साल आले होते.

माझे म्हणणे असे, की मारबत जाळताना लोकांच्या मनात जो राग आहे तो खरा आहे, पण त्या रागाची सगळी राख एका म्हाताऱ्या राणीच्या पदरी टाकणे बरोबर नाही. राज्य तिने घालवले नाही. ते कलकत्त्याला एका टिपणावर गेले.

आता खेड्यातला माणूस. त्याला या सगळ्यात काय मिळाले आणि काय गेले? भोसल्यांच्या अमलात पाटील गावाचा वसूल गोळा करी आणि सरकारात भरी. तो गावाचा मालक नव्हता, त्याला बदलता येत असे. इंग्रजी अमलात, १८६० नंतरच्या बंदोबस्तात, या पाटलांना गावाची मालकी दिली गेली. ते झाले मालगुजार. कुळ कुळच राहिले. चांगला मालगुजार असला तर गावात तळे बांधले गेले, वाईट असला तर कुळाच्या घरातले दाणेही गेले. ही मालगुजारी संपायला १९५१ साल उजाडावे लागले. ज्या 'रयतेच्या सुखासाठी' राज्य खालसा केले म्हणून टिपणात लिहिले होते, त्या रयतेच्या जमिनीचा निकाल लागायला असा शंभर वर्षांच्या जवळ काळ गेला.

कापसाचे मात्र लवकर झाले. १८६१ मध्ये नागपूर आणि सागर-नर्मदेचा मुलूख एकत्र करून मध्य प्रांत केला, त्याची राजधानी नागपूर. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले तसा भावही कोसळला. १८६७ मध्ये आगगाडी नागपुरापर्यंत आली. गाडी मुख्यतः गाठोड्यांसाठी होती, माणसे नंतर. १८७७ च्या १ जानेवारीला जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तेव्हा कुठे आपल्या कापसाचे सूत आपल्या गावात निघू लागले. आगगाडी आली, दवाखाने आले, शाळा आल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. पण या गोष्टी यायला गादी जावीच लागत होती, असे कोणी म्हणत असेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. आगगाडी निजामाच्या राज्यातही गेली आणि म्हैसूरच्या राज्यातही गेली.

शेवटी माझ्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. लोकांना कोणी विचारले का? उत्तर आहे, नाही. डलहौसीने विचारले नाही. पण भोसल्यांनी तरी कधी विचारले होते? पहिल्या रघूजींपासून तिसऱ्या रघूजींपर्यंत गादीचा निकाल वाड्यात लागला, लढाईत लागला किंवा रेसिडेंटच्या कचेरीत लागला. चाळीस लाख माणसांच्या मनात काय आहे, हे जाणून घेण्याची सोय कोणाच्याच राज्यात नव्हती. म्हणून राज्य गेले तेव्हा लोक हळहळले, पण गावोगाव उठले नाहीत. ज्या घरात आपल्याला कधी बसायला सांगितले नाही, ते घर पडताना माणूस दुरून पाहतो.

बरोबर शंभर वर्षांनी, १९५३ च्या डिसेंबरात, भारत सरकारने राज्यपुनर्रचना आयोग नेमला. नागपूर आणि विदर्भ कोणत्या राज्यात असावेत, हा प्रश्न पुन्हा एकदा उभा होता. या वेळी मात्र ग्रामपंचायतींनी, संस्थांनी, साध्या माणसांनी आयोगाकडे निवेदने पाठवली. देशभरातून ती दीड लाखावर गेली. आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, संसदेने वेगळा निर्णय घेतला, १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. तो निर्णय कोणाला पटला, कोणाला पटला नाही. पण विचारण्याची रीत पडली, आणि न पटणाऱ्याला मोठ्याने बोलता आले. १८५३ आणि १९५३ यांतले अंतर मोजायचे तर ते वर्षांनी मोजण्यापेक्षा असे मोजावे.

शिक्षक मित्रांनो, वर्गात हा धडा आला म्हणजे मुलांना ते वाक्य जरूर पाठ करू द्या. मग फळ्यावर तीन तारखा लिहा: ३१ जुलै १८५३, कोपनहेगन, २१ नोव्हेंबर १८५३, झाशी, ११ डिसेंबर १८५३, नागपूर. तिन्ही ठिकाणी राजाला पोटचा मुलगा नव्हता, एवढे सांगा, आणि कोणाची गादी राहिली, कोणाची गेली, आणि का, हे मुलांना विचारा. उत्तरे चुकली तरी चालतील. मुले विचार करू लागतील, आणि इतिहासाच्या तासाला याहून अधिक काही मागू नये.